वासरू उठलं का?

तात्यांनी मला एकच प्रश्न कितीदा तरी विचारला. त्याचं मी एकदाच खोटं उत्तर दिलं. ते एक उत्तर माझ्या मानगुटीवर बसलंय, म्हणून हे लिहायला घेतलं. आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात आणि मीही तशीच बोलते. लिहिताना मात्र शाळेतल्या बाईंचा धाक अजून आहे, म्हणून ‘आले, गेले’ लिहिणार. बाकी काही सोवळं करून सांगणार नाही.

शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. स्ट्रॉबेरी, आंबा, फणसाचे गरे वाळवून पाकिटात भरायचे. वाळवायचे म्हणजे गच्चीवर पापड घालतात तसे नाही. माल आधी उणे चाळीसवर गोठवायचा, इतका की ट्रेवर टाकला तर काच वाजल्यासारखा वाजायला हवा. मग तो लोखंडी कपाटात बंद करून आतली हवा पंपानं ओढून घ्यायची. हवा नसली की बर्फाचं पाणी होत नाही, थेट वाफ होऊन निघून जाते. दीड दिवसानं दार उघडलं की गरा जसाच्या तसा, रंग तोच, वास तोच, वजन तेवढं गायब. हातात घेतला तर थर्माकोल. जिभेवर ठेवला की जीभ ओढून धरतो. मी तिथं माल उतरवून घेण्यावर आणि पॅकिंगवर होते. मशीन तात्यांचं होतं.

तात्या साठीच्या पुढचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, आणि बाराही महिने अंगात तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर. चैत्रात आमच्या पाठीवरनं घामाच्या धारा लागायच्या, हे आपले स्वेटरात. संध्याकाळी पाचच्या सुमाराला काही दिवस त्यांना हुडहुडी भरायची. मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून जनरेटरच्या गरम भिंतीला टेकून बसायचे. मी म्हणायचे, तात्या, डॉक्टरला दाखवा की एकदा. ते म्हणायचे, जुनी ओळख हाय, अधनंमधनं भेटाय येती. आम्ही हसायचो. कशाला हसायचो, देव जाणे.

कारखान्यात त्यांचं नाव पडलं होतं अंगाई तात्या. कारण त्यांचं एक वाक्य ठरलेलं. नवीन कोणी कामावर आलं, की मशीनच्या दारावर हात ठेवून त्याला सांगायचे, “हे मशीन मारत न्हाय, निजवतंय. ध्यानात ठेव.” पोरी पाठीमागं उभ्या राहून ‘निंबोणीच्या झाडामागे’च्या चालीवर गुणगुणायच्या. तात्यांना ते ऐकू जायचं, पण ते कधी चिडले नाहीत. म्हणायचे, गावा, गावा, मशीनला बरं वाटतंय.

एकदा त्यांनी घरचं विरजण आणलं, वाटीभर. मशीनमध्ये वाळवून त्याची पांढरी भुकटी केली, काचेच्या बाटलीत घालून बूच लावलं आणि बाटली कपाटावर टाकून दिली. आम्ही विसरून गेलो. दोन वर्षांनी एका सकाळी त्यांनी कोमट दुधात ती चिमूटभर टाकली. दुसऱ्या दिवशी डब्यात सुरीनं कापावं असं दही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साखर घालून खाल्लं, मीही वाटी चाटून पुसून खाल्ली. तात्या मात्र त्या डब्याकडं बघत उभे होते, आणि चेहरा असा की कुणाच्या मौतीला आलेत. मला म्हणाले, “सुरेखा, दोन वर्सं बिनपाण्याचं, बिनहवेचं पडलं हुतं. दूध दिसलं, उठलं. आता ह्यात दही हाय म्हणून तू हसतीयास. दुसरं कायतरी असतं तर?” मी म्हणाले, तुमच्यासारखा अपशकुनी माणूस बघितला नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि डबा स्वतः घासायला नेला.

दुसरी गोष्ट दूधकट्ट्याची. आमच्या गावात संध्याकाळी म्हशी चौकात आणून बांधतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं, गवळी धार काढून फेसाळता पेला तसाच हातात देतो. कोल्हापूरच्या माणसानं तो पेला नको म्हणायचा म्हणजे काय म्हणायचं? आमच्या मालकांना, म्हणजे तिशीतल्या भल्या पोराला, पहिली मोठी ऑर्डर मिळाली तेव्हा ते सगळ्यांना कट्ट्यावर घेऊन गेले. आम्ही ओठांवर पांढऱ्या मिशा काढून पीत होतो. तात्यांनी पेला घेतला आणि धरूनच ठेवला. मग गवळ्याला हळूच विचारलं, पावणं, म्हशीनं कधी गाभ टाकलता काय? गवळी असा भडकला की विचारू नका. म्हैस अर्धवट दिवसांची व्याली, वासरू मेलेलं पडलं, ही गोष्ट आमच्याकडं कुणी बोलून दाखवत नाही. घरावर कुणाची तरी नजर आहे, असं लोक धरून चालतात. आणि हे भर चौकात विचारतात. मालकांनी मध्ये पडून मिटवलं. तात्यांनी पेला तसाच कट्ट्यावर ठेवला. परतताना म्हणाले, मी घरी तीन उकळ्या देतो, मग पितो.

त्यांच्या जेवणाच्या डब्याशेजारी एक पत्र्याची डबी असायची. तीत कापसात गुंडाळलेली करंगळीएवढी काचेची कुपी, तोंड वितळवून बंद केलेली, आणि तळाला खडूच्या तुकड्यासारखं पांढरं काहीतरी. पोरींनी पैजा लावल्या होत्या, कुणी म्हणे अंगारा, कुणी म्हणे मोती. मी एकदा सरळ विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. इथं येण्याआधी ते गुरांच्या लसी बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होते. म्हशी-गाई गाभ टाकतात त्या रोगावरची लस. ती जिवंत जंतूंचीच असते, दुबळे केलेले जंतू असेच गोठवून वाळवून कुपीत निजवायचे. तरुणपणी एकदा कुपी हातात फुटली. चिमूटभर भुकटी उडाली, डोळ्यांत गेली. त्यांनी पाण्यानं डोळे धुतले आणि कामाला लागले. तीन आठवड्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला. औषधं झाली, ताप गेला, पुन्हा आला. सांधे धरले. मग लग्न झालं. मालूकाकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळेला सहाव्या महिन्यात पोट पडलं.

“डॉक्टर म्हनले, त्याचा न ह्याचा संबंध हायच असं सांगता येत न्हाय,” तात्या म्हणाले. “न्हायच असंबी सांगता येत न्हाय, म्हनले. मी कपड्यावनं घरात काय नेलं, कुणाला ठावं.”

मग ही कुपी कशाला सांभाळता, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्याच खेपेतली शेवटची हाय. फेकायची कुठं? जमिनीत पुरली तरी काच एखाद दिवशी फुटंल. त्यापेक्षा माझ्या नजरेसमोर असूंदे.

त्या दिवसानंतर मी त्यांना अंगाई तात्या म्हणणं सोडलं.

गेल्या वर्षी मालकांच्या डोक्यात चीक आला. म्हैस व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट पिवळसर दूध, ज्याचा आपण खरवस करतो, तो चीक. त्याची भुकटी करायची, ताकदीची म्हणून पाकिटातून विकायची. मागणी होती. तात्या पहिल्या दिवसापासून नाही म्हणत होते. नाही ऐकलं तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. चीक साठ डिग्रीवर साठ मिनिटं तापवल्याशिवाय मशीनला लावायचा नाही. त्याहून जास्त तापवला तर फाटून खरवस होतो, म्हणून ते स्वतः थर्मामीटर धरून भांड्यापाशी उभे राहायचे. आणि दुसरी अट, फाटकातच विचारायचं, वासरू उठलं का? ज्या घरचं वासरू जन्मून आपल्या पायावर उभं राहिलं त्याच घरचा चीक घ्यायचा. वासरू मेलं असेल तर कॅन माघारी. आणि आपण हो म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न यायचा, “बघितलंस का ऐकलंस?” चीक आणणारा मोटारसायकलवाला त्याला वैतागला होता. मीसुद्धा.

चैत्र पाडव्याच्या आधी मालकांना पहिली खेप काढायची होती, साठ पाकिटांची, विकायची नाही, ओळखीत वाटायची. एक कॅन कमी पडत होता. मी म्हटलं, कोडोलीला माझी नणंद असते, तिची म्हैस परवाच व्यालीय. मी फोन केला, वन्सं म्हणाल्या, ने की चीक, घरात कोण खात नाही. बास, एवढंच. वासराचं मी विचारलं नाही. नणंदेच्या गोठ्यातलं असलं काही विचारायचं म्हणजे तिच्या घरादाराला बोल लावल्यासारखं. पुढं दहा वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं.

कॅन फाटकात आला. तात्यांनी विचारलं, वासरू उठलं का?

“उठलं की,” मी म्हणाले.

“बघितलंस का ऐकलंस?”

“बघितलं.”

तात्यांनी मान हलवली आणि कॅन आत घेतला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, इतरांपेक्षा जास्तच ठेवला.

तरीही काही झालं नसतं. त्यांनी तो चीक तास-दीड तास उभं राहून नीट तापवला. मग त्यांना पंपाकडं जावं लागलं आणि चीक ट्रेमध्ये ओतायचं काम आमच्याकडं आलं. आता आमच्याकडं चिकाचं भांडं पाण्यानं विसळत नाहीत. विसळलं तर म्हशीची कास आटते, असं माझी सासू सांगायची, तिला तिची सासू सांगायची. ज्याच्या घरचं भांडं त्याला तसंच परत, वर चार दाणे ज्वारीचे घालून. आम्ही चौघीजणी गोठ्यातल्या घरांत वाढलेल्या. तापवलेला चीक ट्रेपर्यंत न्यायला भांडं हवं होतं. आम्ही तो ज्या कॅनमधनं आला त्याच कॅनमध्ये भरला आणि ट्रेमध्ये ओतला. कॅनच्या तळाला कच्चा चीक चिकटलेला होता. ह्या घरचा चीक ह्याच घरच्या कॅनात गेला, म्हणून मनाला उलट बरं वाटलं. हे कुणी आम्हाला करू नका म्हणून सांगितलं नव्हतं, कारण असं कुणी करेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नसतं.

पाकिटं तयार झाली. त्यावर ठळक छापलं होतं, कोमट दुधातून घ्या, उकळू नका. कामगारांना दोन-दोन दिली. माझ्या लेकीला, सायलीला, तेव्हा पाचवा महिना चालू होता, बाळंतपणाला म्हणून शाहूपुरीत माझ्याकडंच आलेली. चीक म्हणजे अमृत. मी रोज सकाळी पेला तिच्या हातात द्यायचे आणि संपेपर्यंत समोर उभी राहायचे.

बारा दिवसांनी वन्सं घरी आल्या. बोलता बोलता रडायला लागल्या. म्हैस आठव्या महिन्यातच व्याली होती, रेडकू मेलेलंच पडलं होतं. आता दुसरीनंही गाभ टाकला. वन्सं म्हणाल्या, कुणाला सांगू नको वहिनी. मी पाणी द्यायला उठले आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले.

सकाळी फाटकातच तात्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या घालतील. त्यांनी फक्त विचारलं, तापवल्यावर वतला कशात? मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, सायलीनं घेतला? कोमट का उकळून?

“कोमट,” मी म्हणाले. “पाकिटावर तसंच लिवलंय की.”

ते तिथंच फाटकाच्या दगडावर बसले. सकाळचे नऊ वाजले होते आणि त्यांना हुडहुडी भरली होती.

मालकांनी पाकिटं परत मागवायचं कबूल केलं, पण गाजावाजा नको म्हणाले. तात्यांना वाटत होतं पेपरात द्यावं. त्यावरनं त्यांची वादावादी झाली आणि तात्यांना घरी बसायला सांगितलं. ते घरी बसले नाहीत. खिशात कागद, कागदावर साठ रेघा, आणि दारोदार. लोकांनी पाकिटं घरात ठेवली असती तर सोपं होतं. पण चीक एकट्यानं खायचा नसतो. आला की शेजारी द्यायचा, तो आमचा धर्मच. मालकांच्या आत्यानं शेजारणीला दिला, शेजारणीनं विहिणीला, विहिणीनं पुतणीला. अर्धं पाकीट इकडं, अर्धं तिकडं. तात्या प्रत्येक दारात तेच सांगायचे, ज्यांनी घेतला असेल त्यांच्या हातात, ताप आला तर डॉक्टरला दाखवा म्हणून, चिठ्ठी द्यायचे. काहींनी त्यांना वेड्यात काढलं, एका घरानं तर पोलिसांत देतो म्हणून दम दिला.

आणि रोज संध्याकाळी सहाला माझ्या दारात. पायरीवर बसायचे, आत यायचे नाहीत, थर्मामीटर सायलीकडं द्यायचे. तो परत आला की उजेडाकडं धरून बघायचे, वहीत आकडा लिहायचे आणि उठायचे. सायलीला चेष्टा वाटायची. मला ती पाच मिनिटं सरता सरत नव्हती. तीन आठवडे अठ्ठ्याण्णव. मी मनातल्या मनात अंबाबाईला साडी बोलले होते. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी तात्यांनी थर्मामीटर बघितला, झटकला, पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा बघितला. मग म्हणाले, सुरेखा, रिक्षा बघ.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, हवा बदललीय. तात्यांनी चिठ्ठी पुढं केली. तिच्यावर एकच शब्द होता, ब्रुसेला, गाभ टाकायला लावणाऱ्या त्या जंतूचं नाव. डॉक्टरांनी त्यांच्या स्वेटराकडं बघितलं. तात्या म्हणाले, हिचं रक्त तपासल्याबगार मी उठत न्हाय साहेब, चाळीस वर्सं मला हाय हे. रक्त तपासलं. होतंच. लगेच गोळ्या सुरू झाल्या. तात्यांची चिठ्ठी नसती तर आणखी महिनाभर साध्या तापाच्याच गोळ्या चालल्या असत्या, असं नंतर त्याच डॉक्टरांनी सांगितलं. सायली आठव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. महिनाभर काचेच्या पेटीत होती. काच बघितली की मला ती कुपी आठवायची आणि मी मान फिरवायचे.

मुलगी आता रांगते. तात्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात गेले. जंतूंनी हृदयाची झडप खाल्ली होती, असं डॉक्टर म्हणाले. मालूकाकींनी मला तो कागद आणून दिला. साठातल्या एकोणसाठ रेघांवर काट मारलेली आहे. कुपीची डबी त्यांनी कुणालाच दिली नाही, स्वतःजवळ ठेवलीय. उरलेलं पाकीट मलकापूरला कुणाच्या तरी माहेरी गेलं, इथपर्यंत माग लागला होता. तिथल्या घरानं सांगितलं, आम्ही ते पुढं दिलं, कुणाला दिलं आठवत नाही. कुठल्या तरी फडताळात ते असेल. पाकिटावरची मुदत अजून पुष्कळ वर्षांची आहे. ती तारीख मीच शिक्का मारून घातलीय.

तात्यांना मी शेवटचं बघितलं ते एसटी स्टँडवर. नातीला पेटीतनं बाहेर काढून आईजवळ दिलं होतं, त्याच दिवशी दुपारी. ते सांगायला मी त्यांच्या घरी गेले, तर काकी म्हणाल्या, मलकापूरच्या गाडीला गेलेत. मी धावतपळत स्टँड गाठला. गाडी लागलेली होती. खिडकीशी तात्या, मांडीवर पिशवी, अंगात स्वेटर, कपाळावर घाम आणि दात वाजत होते. मी म्हणाले, तात्या, उतरा, ताप आहे तुम्हाला, उद्या जावा. ते म्हणाले, उद्या कोण तरी दूध कोमट करंल. मग माझ्याकडं नीट बघून त्यांनी विचारलं,

“उठलं का?”

“उठलं, तात्या,” मी म्हणाले. “दूध ओढायला लागलीय.”

गाडी सुरू झाली होती. तात्यांनी खिडकीच्या गजाला धरून मान बाहेर काढली.

“बघितलंस,” ते म्हणाले, “का ऐकलंस?”

मी गाडीबरोबर चालत, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं, बघितलं, ह्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून घेतलं. विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही, गाडी वळली.